मलम विचारू नका, आधी माप सांगा

मला फोन येतात ते बहुतेक एकाच प्रश्नाचे. "काकी, बॅगच्या भोवतीची कातडी सोलवटलीय, कुठलं मलम लावू?" मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. सांगलीत गावभागात ब्लाउज शिवते, आणि पोटावर इलिओस्टोमी घेऊन राहते. अल्सरेटिव्ह कोलायटिसनं मोठं आतडं पार खराब झालं म्हणून मिरजेत ते काढलं आणि लहान आतड्याचं टोक उजव्या बाजूनं पोटाबाहेर आणलं. त्या टोकाला स्टोमा म्हणतात. शौच तिथून बॅगेत पडतं, आणि बॅग कातडीला धरून ठेवते ती मधे भोक असलेली चिकट प्लेट. एवढं नवख्यांसाठी.

तर मलमाचं उत्तर: कुठलंच नको. मलम तेलकट असतं, तेलकट कातडीवर प्लेट धरत नाही, प्लेट सुटली की शौच परत कातडीवर, आणि कालच्यापेक्षा आज जास्त आग. मी उलट विचारते, "स्टोमा किती मिलिमीटरचा आहे आणि प्लेटला भोक केवढं कापता?" पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "दवाखान्यात कापून दिलं होतं, तेवढंच."

इथंच सगळं अडतं. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत तो आकसत जातो. पहिल्या आठवड्याच्या मापानं कापलेली प्लेट दोन महिन्यांनी वापरणं म्हणजे बाळंतिणीचं ब्लाउज वर्षानं तसंच घालणं. तासगावच्या एका मुलानं आईचे फोटो पाठवले होते. भोक ४० मिलिमीटरचं, स्टोमा मोजायला लावला तर २८ चा. म्हणजे चहूबाजूंनी सहा मिलिमीटर कातडी उघडी, आणि तिच्यावर रात्रंदिवस पातळ शौच. फोटोतली लाल कड बरोबर तेवढीच रुंद होती. तिथं मलम काय करणार?

भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं हवं, बस. त्याहून मोठं झालं की कातडी जळते. अगदी घट्ट कापलं तर प्लेटची कड आतड्याला काचते. प्लेटच्या खोक्यात गोल गोल भोकांचं कार्ड येतं, त्यानं पहिले दोन महिने दर आठवड्याला मोजायचं. नंतर कधीतरी मोजलं तरी चालतं, पण वजन पाचेक किलोनं वाढलं किंवा उतरलं तर पुन्हा मोजा.

ज्यांचा स्टोमा लंबगोल आहे त्यांना कार्डाचा उपयोग नाही. माझाही तसाच आहे. मी पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर त्याचा खाका काढून ठेवलाय, ब्लाउजच्या गळ्याचा ठेवते तसा. पण एक सांभाळा. खाका आपण समोरून काढतो आणि प्लेटवर आखतो मागच्या कागदावर, म्हणजे कातडीला लागणाऱ्या बाजूला. खाका पालथा घालून आखला नाही तर डावं उजवीकडे जातं. ज्याचा स्टोमा एका अंगाला फुगीर आहे त्याची प्लेट मग एका बाजूला काचते आणि दुसरीकडे कातडी उघडी राहते. शिवणकाम करणाऱ्या बाईला सुलट-उलट सांगावं लागत नाही, बाकीच्यांना लागतं. कापायला टोकाला वाकलेली छोटी कात्री घ्या. कापून झालं की आतल्या कडेवरून बोट फिरवा, खरखरीत राहू देऊ नका.

इलिओस्टोमीवाल्यांनी एवढं काटेकोर का असावं, तर लहान आतड्यातून जे बाहेर येतं त्यात पाचक रस अजून जिवंत असतात. डाळीतली, अंड्यातली प्रथिनं फोडणं हे त्यांचं काम. आपली कातडीही प्रथिनांचीच, ते भेद करत नाहीत. डाव्या बाजूची कोलोस्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा, असेल तर शौच बरंचसं घट्ट येतं आणि एवढा त्रास होत नाही, म्हणून दोघांनी एकमेकांचे सल्ले जसेच्या तसे घेऊ नयेत. आणखी एक गोष्ट मला वाचून कळली. इलिओस्टोमी पोटाबाहेर चोचीसारखी दोनेक सेंटिमीटर पुढं असते ती मुद्दाम. १९५२ साली बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक या सर्जननं आतड्याचं टोक बाहीच्या कफासारखं उलटं दुमडून शिवायची रीत मांडली. चोच असली की मळ थेट बॅगेत पडतो, कातडीवर ओघळत नाही. हे वाचल्यापासून मला स्वतःच्या स्टोम्याची लाज वाटायची कमी झाली. शिलाई चांगली आहे, नाव ठेवायला जागा नाही.

माप बरोबर असूनही गळत असेल तर काढलेली प्लेट टाकून देऊ नका. ती पालथी करून उजेडात बघा. भोकाभोवती सगळीकडे सारखी झिजली असेल तर ती जास्त दिवस ठेवली गेली, एवढंच. पण एकाच बाजूला पांढरट फुगून विरघळली असेल, किंवा मळाची वाट कडेपर्यंत गेलेली दिसली, तर तिथंच पोटावर घडी नाहीतर खळगा आहे. आपल्याकडं हमखास सापडणारी घडी मांडी घालून बसल्यावरची. दवाखान्यात पलंगावर आडवं असताना पोट सपाट दिसतं, घरी पाटावर बसून दोन घास खाल्ले की स्टोम्याच्या खालच्या अंगाला चुणी पडते. आरशासमोर उभं राहा, मग बसा, मग वाका. चुणी कुठं पडते ते बघून तेवढ्याच जागी स्टोम्याची मऊ रिंग किंवा पेस्ट भरायची. पेस्ट म्हणजे गोंद नव्हे, खळगा भरायची लांबी आहे. भरपूर फासली म्हणून प्लेट जास्त चिकटत नाही, उलट सटकते. कातडी सोललेली असताना अल्कोहोलची पेस्ट लावाल तर डोळ्यांतून पाणी येईल. बिनअल्कोहोलची मिळते, मेडिकलवाल्याला स्पष्ट सांगा.

हातातला छोटा आरसा हवाच. पोट थोडं सुटलेलं असेल तर स्टोम्याची खालची बाजू आपल्याला दिसतच नाही, आणि गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

आता सोलवटलेल्या कातडीचं. कोमट पाणी आणि जुन्या मलमलचा तुकडा, एवढ्यानं पुसायचं आणि टिपून कोरडं करायचं. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट काही नको. बाळांचे ओले वाइप्स नकोत, त्यांचा थर राहतो. पुसताना स्टोम्यातून थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका, तो भाग नाजूक असतो. त्याला स्वतःला दुखतही नाही, दुखते ती कातडी. मग ओलसर जागी स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची. पावडर फक्त ओल्या जागेला धरते. तिच्यावर बिनअल्कोहोलचं बॅरियर वाइप, म्हणजे कातडीवर संरक्षक पापुद्रा सोडणारं, हलकेच टेकवायचं, घासायचं नाही. वाळलं की पुन्हा पावडर, पुन्हा वाइप, असे दोन-तीन थर. वर खरपुडीसारखं होतं आणि त्यावर प्लेट बसते. कातडी भरून आली की हे बंद. बऱ्या कातडीवर पावडर मारत राहिलात तर प्लेट त्या पावडरीवरच सुटते.

आमच्या सांगलीत कुठल्याही जखमेला पहिलं औषध हळद. बाजारपेठच तिची, हळदीला जीआय मानांकन मिळालेलं गाव, त्यामुळं सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकीनं मला वाटी आणून दिली. बोट कापलं तर मीही लावते. पण इथं हळदीचा थर प्लेटच्या आणि कातडीच्या मधे बसतो, आणि खोबरेल तर विचारूच नका. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "आत्या, ती हळद आमटीत घाला, तिथून ती बॅगेत येतेच."

झाडपाल्यावर विश्वास असणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. आजच्या प्लेटा यायच्या आधी स्टोम्याभोवती जे लावायचे ते आपल्याच रानातलं होतं. पांढऱ्या गुळगुळीत खोडाचं कांडोळ म्हणजे भुत्याचं झाड माहितीय? त्याचा डिंक म्हणजे कराया. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉ. रुपर्ट टर्नबुल यांना दिसलं की त्याची भुकटी ओलावा शोषून कातडीला घट्ट धरून राहते, आणि पुढं कित्येक वर्षं तिच्या रिंगा वापरात होत्या. आताच्या प्लेटेत जिलेटिन, पेक्टिन, सेल्युलोज असं असतं. काम तेच, ओलावा शोषायचा आणि धरून राहायचं. लावल्यावर तिच्यावर तळहात ठेवून मिनिटभर बसा, अंगाच्या उबेनं ती नीट धरते.

प्लेट बदलायची ती सकाळी, चहाच्या आधी. तेव्हा आतडं शांत असतं. काढताना प्लेट ओढू नका. एका हातानं प्लेटची कड उचलायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातडी खाली दाबत सुटी करायची. बॅग एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करा, भरलेल्या बॅगेचं ओझं प्लेटच ओढतं. आणि प्लेटखाली खाज किंवा चुरचुर सुरू झाली तर "अजून दोन दिवस आहेत" म्हणून वाट बघू नका. कडेनं चिकटपट्टी मारून गळती झाकणारे मला बरेच भेटलेत. प्लेटा महाग आहेत हे मला कळतं, मीही पदरचेच पैसे घालते. पण आत साचलेला मळ एका रात्रीत जी कातडी सोलतो, ती भरून यायला मग जास्त प्लेटा लागतात.

एप्रिल-मेमधलं सांगलीचं ऊन वेगळा धडा शिकवतं. घामानं प्लेटा लवकर सुटतात, तेव्हा चार दिवसांची प्लेट तीनच दिवस ठेवायची. बॅगचं प्लास्टिक मांडीला घासून घामोळं येतं म्हणून मी जुन्या सुती साडीचे अभ्रे शिवते, मागे खिसा ठेवून. परकराची नाडी स्टोम्यावर यायची ती मी काढूनच टाकली. रुंद पट्टा, बाजूला हुक, आणि बांधायची जागा बोटभर वर. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी आधीच सर्जनना सांगावं की मी साडी नेसते, किंवा लुंगी बांधतो. स्टोम्याच्या जागेची खूण उभं करून, बसवून, वाकवून केली तर घडी आणि नाडी दोन्ही टाळता येतात.

घरगुती उपाय कुठं थांबवायचे तेही सांगते. लाल चट्ट्याच्या बाहेर सुटे सुटे बारीक फोड आणि जबर खाज असेल तर ती बुरशी असू शकते. त्यावर डॉक्टर बुरशी मारणारी पावडर देतात. मेडिकलमध्ये मागितलं की मिळणाऱ्या खाजेच्या मलमांत बरेचदा स्टेरॉइड असतं, ते स्वतःहून फासू नका. कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा दुसरा आजार) असलेल्या माणसाला जांभळट कडांचं खूप दुखणारं व्रण आलं तर तो मापाचा प्रश्न नाही, लगेच दाखवा. स्टोमा नेहमी ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल ओलसर हवा. काळपट पडला, किंवा पोटात कळा येऊन काही तास बॅगेत काहीच आलं नाही, तर फोन करत बसू नका, रिक्षा पकडा.

लग्नसराईत बाहेर पडताना पर्समध्ये आधीच कापलेल्या दोन प्लेटा, बॅग, मलमल, घाण टाकायला काळी पिशवी असते. पर्स अंगाजवळच ठेवते. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेली प्लेट वितळून कागदालाच चिकटते, आणि मग कार्यालयाच्या बाथरूममध्ये जे हाल होतात ते ज्याचं त्यालाच ठाऊक.