गोळी चेहऱ्यासाठी, चौकशी भलतीच

मंगळवार, रात्री

कपाळावरच्या पुळ्या वेगळ्या आणि हनुवटीवरच्या वेगळ्या. कॉलेजात असताना कपाळावर यायच्या, बारीक, दोन-तीन दिवसात सुकणाऱ्या, आई म्हणायची वय आहे, जातील, आणि गेल्या पण. मग इथे नाशिकला अंबडच्या कंपनीत लागले, पंचविशी ओलांडली आणि ह्या दुसऱ्या सुरू झाल्या. जबड्याच्या कडेने, हनुवटीखाली, तोंड नसलेल्या, आत गाठ धरून बसणाऱ्या, नुसता हात लागला तरी ठणकतात. हेल्मेटचा पट्टा नेमका तिथूनच जातो. मुंबई नाक्याला सिग्नल लागला की मी पट्टा सैल करायचे आणि सुटायच्या आत परत आवळायचे, मागचे हॉर्न वाजवायला तयारच. पाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे हे ठरलेलं.

उपाय सगळे झाले. चंदन उगाळून, मुलतानी माती, कडुलिंबाचा पाला, रात्री टूथपेस्ट (हा ऑफिसमधल्या एका काकूंचा, त्याने फक्त भाजलं). पार्लरवालीने एक ट्यूब दिली होती, आठवड्यात चेहरा चकाचक, सगळे विचारायला लागले काय लावतेस, आणि ट्यूब संपल्यावर जे काही उसळून आलं ते आधीपेक्षा दुप्पट, वर लाली, उन्हात गेलं की आग. शरणपूर रोडच्या स्किनवाल्या मॅडमनी ती रिकामी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली, क्लोबेटासोल म्हणाल्या, म्हणजे जोरदार स्टेरॉइड, आणि सरळ डस्टबिनमध्ये टाकली. हे तोंडाला लावायचं औषधच नाही म्हणे. आणि हे मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतं.

त्यांनी मग रीतसर सुरू केलं, रात्री लावायचं अडापालीन, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड (ह्याने माझ्या दोन चांगल्या उशांचे अभ्रे पांढरे पडलेत, टॉवेलपण), आणि काही महिने डॉक्सीसायक्लीन ही अँटिबायोटिक. फरक पडला, नाही असं नाही, पण पाळी जवळ आली की हनुवटी परत आपली जागा धरायची. सोनोग्राफी नॉर्मल, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन, बायकांतही थोडं असतंच) नॉर्मल. मला वाटलं पीसीओडी निघेल, निदान नाव तरी मिळेल. मॅडम म्हणाल्या रिपोर्ट नॉर्मल असले तरी त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथीच त्या हार्मोनला जास्त दाद देतात, मोठ्या वयात पुळ्या येणाऱ्या बऱ्याच बायकांचं हेच असतं. आणि मग म्हणाल्या, आपण गर्भनिरोधक गोळ्यांचा विचार करू.

मी आधी दरवाजाकडे बघितलं. बंद होता.

त्यांनी नीट सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण घरी येईपर्यंत निम्मं उडालं होतं. गोळीत दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. इस्ट्रोजेनमुळे लिव्हर एक प्रोटीन जास्त बनवतं, ते रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, म्हणजे मोकळं फिरणारं कमी होतं. शिवाय बीजांडकोश थंडावल्यामुळे तिथूनही कमी सुटतं. तेल कमी, पुळ्या कमी. पण दोन्ही हार्मोन असलेलीच गोळी हवी. नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळ्या, दंडात बसवतात ते इम्प्लांट किंवा हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू ह्याने काहींच्या पुळ्या उलट वाढतात. निकाल तीन महिन्यांच्या आत मागायचा नाही, सहा लागू शकतात, सुरुवातीला थोडं बिघडूही शकतं. आणि बंद केल्यावर परत येऊ शकतात, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, ते मला आवडलं.

मग प्रश्न सुरू झाले. सिगारेट ओढतेस का. डोकं दुखतं का, दुखायच्या आधी डोळ्यासमोर काही चमकतं का. बीपी. (मोजलं, 118/76.) लिव्हरचं काही, छातीत गाठ वगैरे काही. बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत, टीबीचं औषध तर नाही ना, कारण रिफाम्पिसिनने ही गोळी निकामी होते. आणि शेवटी, घरात कोणाला पायात नाहीतर फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली?

इथे मी अडकले. कारण आजीच्या पायाचं काहीतरी झालं होतं एवढंच मला आठवत होतं, काय ते माहीत असलेली बाई इंदिरानगरमध्ये गवार मोडत बसलेली असणार. म्हणजे गुपचूप घ्यायचा जो काही प्लॅन दरवाजाकडे बघताना मनात आला होता तो तिथेच संपला.

बुधवार

आईला सांगितलं. सरळच सांगितलं, चेहऱ्यासाठी आहेत, पण त्याच गोळ्या आहेत. ती गॅस बंद करून वळली.

"लग्नाआधी ह्या गोळ्या? अगं पुढे मूल राहात नाही त्याने."

मी म्हणलं आई, मूल लांबवायला घेणाऱ्या कितीतरी बायकांना नंतर मुलं झालेलीच आहेत ना, बंद केल्यावर पाळीचं चक्र काही आठवड्यांत, काही महिन्यांत परत येतं, मॅडमना विचारलंय मी. तर म्हणे वजन वाढेल. मग म्हणे तुझ्या ड्रॉवरमध्ये पाकीट सापडलं कोणाला तर. कोणाला? घरात आपण तीन माणसं! तर म्हणे उद्या स्थळाकडची मंडळी आली आणि. आणि काय, ते माझा ड्रॉवर उघडतील?

मग तिचा खरा प्रश्न आला, माला-डीच का ती? आईची पिढी दूरदर्शनवरच्या जाहिराती आणि भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणावर वाढलेली, तिला ते एकच नाव माहीत. मी सांगितलं की माला-डीत 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या गोळ्या असतात, इस्ट्रोजेन त्यातही तेच आहे पण दुसरं हार्मोन लेव्होनॉरजेस्ट्रेल, ते थोडं पुरुषी हार्मोनच्या अंगाने जाणारं, म्हणून पुळ्यांसाठी डॉक्टर शक्यतो दुसरी निवडतात. मला दिलीय तिच्यात दुसरं हार्मोन ड्रॉस्पिरेनोन, 24 कामाच्या आणि 4 कोऱ्या. अमेरिकेत ह्याच मिश्रणाला 2007 मध्ये पुळ्यांसाठी म्हणून वेगळी मान्यता मिळालीये, तीही गर्भनिरोधक म्हणून गोळी हवी असेल त्यांनाच, मॅडमनी तेही लपवलं नाही. आपल्याकडे दुसरं हार्मोन सायप्रोटेरोन असलेली जास्त लिहितात, ती आणखी कडक, फ्रान्सने 2013 मध्ये ती थांबवली होती आणि मग युरोपच्या औषध संस्थेने सांगितलं की लावायच्या औषधांनी आणि अँटिबायोटिकने भागलं नाही तरच द्या.

आईला हे सगळं ऐकून घेण्यात रस नव्हता, तिला एवढंच कळलं की बंदी घातली होती. बघ, म्हणजे वाईटच.

मग मी आजीचं विचारलं. आणि इथे गंमत झाली, इतका वेळ माझ्या लग्नावर आणि ड्रॉवरवर बोलणारी आई एकदम कामाला लागली. कपाटावरची सुटकेस खाली, त्यात पैठणीच्या खोक्यात आजीची फाईल. एक्स-रे, ईसीजीची गुंडाळी, रबरबँड वितळून कागदाला चिकटलेलं, आणि खाली डिस्चार्ज कार्ड. मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन, आणि नंतर डाव्या पायात डीव्हीटी, म्हणजे आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. वय 78. आईने बोटाने ओळ दाखवली आणि म्हणाली, पाय एवढा सुजला होता, पोटरी दगड झाली होती, आम्हाला वाटलं प्लॅस्टरमुळे. मग पोटात सुया देत होते रोज, रक्त पातळ करायच्या. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी तेव्हा बारावीत, मला कोणी सांगितलंच नाही.

कार्डाचा फोटो मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर आलं की 78 व्या वर्षी, खुब्याच्या ऑपरेशननंतर, पडून राहिल्याने झालेली गुठळी वेगळी. आईला किंवा बहिणीला तरुणपणी काही कारण नसताना झाली असती तर ही गोळी दिली नसती. घे, पण लक्षात ठेव, एका पोटरीत दुखलं, सूज आली, श्वास लागला, छातीत दुखलं, नेहमीपेक्षा वेगळंच डोकं दुखलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. आणि कधी मोठं ऑपरेशन ठरलं तर ही गोळी घेते हे आधी सांगायचं.

आकडे त्यांनी दिलेच होते. गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळीवर 5 ते 7, माझ्यावाल्या प्रकारावर 9 ते 12. गरोदरपणात ह्याहून जास्त. मी हे आईला वाचून दाखवलं, आई म्हणाली म्हणजे मूल होण्यापेक्षा हे बरं की काय, आणि स्वतःच हसली.

शनिवार

गोळे कॉलनीत गेले, तिथे थोडी स्वस्त पडतात आणि ओळखीचं कोणी नसतं. चिठ्ठी दिली. पोऱ्याने वाचली, माझ्या गळ्याकडे बघितलं, परत वाचली, आतल्या माणसाला दाखवली. तो आला आणि विचारतो, "मॅडम, कोणासाठी?" मी म्हणलं चिठ्ठीवर नाव आहे ना. मग पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी, आणि मागच्या माणसाची बीपीची औषधं मात्र उघडी काउंटरवर. र. धों. कर्व्यांनी 1921 ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, शंभर वर्षं उलटून गेली, आणि काळी पिशवी अजून संपत नाही. बरं, ही गोळी अमेरिकेत पहिल्यांदा आली तीच 1957 मध्ये पाळीच्या तक्रारींसाठी, गर्भ राहू नये म्हणून मान्यता 1960 ला मिळाली. म्हणजे "दुसऱ्या कारणासाठी" घेणं हे पहिल्यापासूनचं आहे.

मला राग ह्याचा येतो की सगळ्यांनी मला विचारलं. आईने, मेडिकलवाल्याने, ऑफिसातल्या मैत्रिणीने (तिने तर डोळा मारला). लग्नाचं काय, कोणासाठी, घरी माहितीये का, कोणी आहे का. एकानेही बीपी किती आहे हे विचारलं नाही. औषध द्यायला उभा असलेल्या माणसाने पण नाही, आणि खरं तर त्याला काही विचारायचंच होतं तर सिगारेट आणि डोकेदुखी विचारायची होती.

आज रविवार (बऱ्याच दिवसांनी लिहितेय)

पाळी बऱ्याचदा येऊन गेली मधल्या काळात. सुरुवातीला मळमळ होती, गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला लागले तशी थांबली. छाती दुखायची, मधेच डाग दिसायचे, पहिल्या महिन्यात हनुवटी आणखी चिडली आणि मी आईला म्हणलं बंद करते, तर तीच म्हणाली मॅडमनी तीन महिने सांगितलेत ना, धीर धर. आईच! बीपी परत मोजलं, ठीक आहे. वजन होतं तिथेच आहे, आईला रोज सांगावं लागतं.

आता जुने डाग आहेत, जांभळट, ते सनस्क्रीन आणि वेळ दोन्ही मागतात. नवीन गाठ मात्र गेल्या पाळीला आली नाही. आली असती तरी मी एवढी हादरले नसते बहुतेक. पट्टा सैल न करता मुंबई नाका पार होतो, त्याचं कौतुक मला एकटीलाच.

किती दिवस घ्यायच्या हे ठरलेलं नाही. मॅडम म्हणतात वर्षभराने बघू, अडापालीन चालूच ठेव म्हणजे गोळी बंद केल्यावर एकदम उघड्यावर पडणार नाहीस. मधे आयसोट्रेटिनॉइनचा, म्हणजे पुळ्यांवरच्या दुसऱ्या एका गोळीचा विषय निघाला होता, पण त्यावर असताना गर्भ राहिला तर बाळात व्यंग येण्याचा मोठा धोका, त्यामुळे तिथेही गर्भनिरोधन सोबत आलंच.

काल मामाची मुलगी सिन्नरहून फोनवर. ताई तुझा फोटो बघितला, चेहरा कसला भारी झालाय, आईने सांगितलं कुठल्या गोळ्या ते, मला पाकिटाचा फोटो पाठव, इथल्या मेडिकलला दाखवते. (म्हणजे आमच्या मातोश्रींनी ड्रॉवरची काळजी सोडून आता जाहिरात सुरू केलीये.) मी म्हणलं थांब, तुझं डोकं दुखतं ना गं अधूनमधून? हो, अर्धशिशी आहे. दुखायच्या आधी काय होतं? तर म्हणे आधी एका बाजूचं दिसेनासं होतं, नागमोडी काहीतरी चमकतं वीस-पंचवीस मिनिटं, मग दुखायला लागतं.

मॅडमनी मला विचारलेला प्रश्न तो हाच. अशी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेनवाली गोळी देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. तिला सांगितलं, तुझ्यासाठी दुसरं काहीतरी असेल, लावायचं असेल, पण हे नाही, डॉक्टरांना आधी ते चमकण्याचं सांग. तिला वाटलं मी टाळतेय. "राहू दे ताई, भाव खाऊ नको, मी गूगल करते," म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मामीला फोन केला, मामी, तिला एकटीला मेडिकलमध्ये जाऊ देऊ नका. मामी आधी म्हणाल्या अगं पण तिचं लग्न ठरायचंय, तिला कशाला ह्या गोळ्या. म्हणलं मामी तेच सांगतेय, नकोच आहेत, पण लग्नामुळे नाही, डोक्यामुळे. शनिवारी दोघींना नाशिकला बोलावलंय, मॅडमची साडेअकराची अपॉइंटमेंट घेतलीये. ती अजून माझे मेसेज बघून उत्तर देत नाहीये.