परतवाड्याहून चिखलदरा सायकलवर: काटे, गिअर, पाणी आणि उतार

अमरावतीहून वलगाव, आसेगाव करत परतवाडा गाठलं की पन्नासेक किलोमीटर होतात, आणि चिखलदऱ्याचा घाट अजून लागलेलाही नसतो. नव्याने सायकल हाती घेतलेल्यांना सगळा धसका त्या घाटाचा असतो. या रस्त्यावर नेहमी जाणं-येणं असल्याने आम्ही ठामपणे सांगतो की घाटात थांबणाऱ्या बहुतेकांचं काम आधीच्या सपाटीवरच बिघडलेलं असतं. हवा, सीट, पाणी, न्याहारी यातल्या चुकांची बेरीज घाटाच्या पायथ्याच्या धामणगाव गढीच्या पुढे समोर येते.

जायचं ते दिवाळीनंतर, फेब्रुवारी सरेपर्यंत. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा सकाळी नऊनंतर सायकलवर असूच नये. पण हाच दिवाळीनंतरचा हंगाम काट्यांचाही असतो. पावसाळ्यात हिरवे असलेले सराटे, म्हणजे जमिनीलगतच्या वेलीचे काटे, वाळून रस्त्याच्या कडेला पसरतात, बाभळीच्या फांद्या तोडून वावराच्या धुऱ्यावर टाकलेल्या असतात, आणि कापसाच्या गाड्यांना वाट देताना आपण नेमके त्याच कडेला उतरतो. कड सोडून डांबरावर राहणं हा पंक्चरवरचा सगळ्यात स्वस्त उपाय. वावरातून जाणार असाल तर कापलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे, खुंट सांभाळा. ते तिरके कापलेले असतात आणि टायरच्या बाजूने घुसतात. तिथे पॅच टिकत नाही, टायरच बदलावा लागतो.

पंक्चर झालंच तर घाई ट्यूब बदलण्याची करू नका, काटा शोधण्याची करा. सराटा ओढला की टोक मोडून टायरमध्येच राहतं आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर होते. टायर लावतानाच त्यावरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवलं, तर ट्यूबचं भोक पाहून टायरमधली जागा लगेच सापडते. मग टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, टोक असेल तिथे धागे अडकतात. या दिवसांत बोळा घरून न्यायचीही गरज नसते. ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस कडेच्या बाभळींना लोंबत असतो.

पॅच लावताना ट्यूब पॉलिश पेपरने चांगली घासा, सोल्युशनचा पातळ थर लावा आणि हाताला चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं, थांबा. ओल्या सोल्युशनवर दाबलेला पॅच हवा भरताच सुटतो. घामाचा हात ट्यूबला लागला तरी तेच होतं.

आणि एक पितळी अडॅप्टर, बोटाच्या पेराएवढा, खिशात हवाच. महागड्या सायकलींचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला बसत नाही. त्याच्याकडे मोटरसायकलच्या आणि साध्या सायकलच्या व्हॉल्व्हची सोय असते. तो अडॅप्टर नसला की दुकान समोर असून उपयोग नाही.

हवा किती, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. 28 मिलिमीटरचा टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर मागे 75, पुढे 70 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतं ते) पुरे. एमटीबीच्या, म्हणजे जाड टायरच्या माउंटन बाइकच्या, 2.1 इंची टायरला डांबरावर 30 ते 35. ऊन चढलं की टायर फुटतो म्हणून अनेक जण कमी हवा भरतात, त्याला आधार नाही. पहाटे 15 अंशाला 75 भरले आणि हवा 35 अंशांपर्यंत तापली, तर दाब 81च्या आसपास जातो, चांगला टायर तेवढा सहज सोसतो. उभ्या उभ्या टायर फुटला तर बहुतेक वेळा ट्यूब कडेखाली चिमटलेली असते. म्हणून पूर्ण हवा भरण्याआधी टायर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून, ट्यूब कुठे डोकावते का ते गोल फिरून पाहायचं.

पांदण रस्त्याचा, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेचा, मोह अनेकांना होतो. कोरड्या दिवसांत जरूर जा, एमटीबीचा खरा आनंद तिथेच आहे. पण अवकाळीची एक सर जरी येऊन गेली असेल तरी सरळ डांबर धरा. काळी माती ओली झाली की टायरवर थर चढतो, त्यावर दुसरा, आणि शंभर-दोनशे पावलांत चाक फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या चिमट्यात, अडकतं. तेव्हा जोर लावून पेडल मारणं फार महागात पडतं. मागच्या डिरेल्युअरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकांत चिखल घट्ट बसलेला असतो, चेन डिरेल्युअरला पुढे ओढते आणि तो ज्यावर बसवलेला असतो तो हँगर मोडतो. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, तो परतवाड्यात मिळेल अशी आशा धरू नका. उतरा, काडीने चिखल काढा आणि सायकल उचलून गवतावरून न्या.

गुडघ्याचं दुखणं बहुतेक वेळा सीटच्या उंचीचं असतं. पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर कलता कामा नये. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्याला योग्य तेवढा बाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा आणि पुढच्या फेरीत फरक पाहा.

परतवाड्यात न्याहारी करा, पण आलूबोंड्यावर तर्री, म्हणजे तिखट तेलकट रस्सा, ओतून घेऊ नका, निदान जाताना तरी. चढावर पुढे वाकून पेडल मारताना ती छातीत जळते. पोहे, केळी, गूळ-शेंगदाणे बरे. तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत, एका मध्यम केळ्यातून साधारण पंचवीस मिळतात. हा सगळा भाग संत्र्यांचा, त्यामुळे हंगामात दोन-चार संत्री खिशात टाकणं होतंच. जीव हुशारतो, पण पोटभरीला ती पुरत नाहीत. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि नुसतं पाणी नको. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत घट्ट कालवणारे आम्ही पाहतो. त्याने तहान वाढते आणि मळमळतं. धामणगाव गढीला सगळ्या बाटल्या भरा, पुढे घाटात पाणी मिळेलच असं धरायचं नाही.

आता घाट. परतवाडा चारशे मीटरच्या आत, चिखलदरा अकराशेच्या वर. म्हणजे सातशेहून अधिक मीटर चढायचे, आणि त्यातले बहुतेक गढीनंतर. इथे गिअरचा हिशेब चोख असावा. पुढच्या लहान चक्रीला 34 दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला 28 असतील, तर मिनिटाला पेडलच्या साठ फेऱ्या मारण्यासाठी ताशी नऊ-सव्वानऊ किलोमीटर वेग ठेवावा लागतो. नवख्याला तो पूर्ण घाटभर जमत नाही. मग फेऱ्या चाळिशीवर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो. मागे 34 दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, बसवली तर त्याच साठ फेऱ्या पावणेआठच्या वेगात मिळतात. हलक्या सायकलीवर हजारो रुपये घालण्याआधी ही कॅसेट घ्या. फक्त आपला डिरेल्युअर 34 दात झेपवतो का आणि चेनची लांबी पुरते का, हे बसवण्याआधी मेकॅनिककडून पाहून घ्या.

घाटाच्या सुरुवातीला पाय ताजे वाटतात, तेव्हाच आवरायचं. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांत दम लागत असेल तर वेग जास्त आहे. वळणावर आतून गेलं की चढ तीव्र, मधूनच जा, मागून गाडी नाही हे बघून. अधूनमधून वीस-तीस पेडलं उभं राहून मारा, कंबर मोकळी होते. मोथा गाव आलं की चढाचा मुख्य भाग सरला. तिथे थांबून खा, नुसते फोटो काढून पुढे निघू नका.

परतीला आम्ही घटांग, बिहालीचा रस्ता धरतो. उतरण्याआधी ब्रेक पॅड पाहा. धुळीबरोबर रिमचे चकचकीत कण त्यात रुततात आणि रिम खरवडतात. पिनेने ते काढून टाका. उतारावर ब्रेक सतत चिकटवून ठेवू नका. रिम तापते, आणि टायर फुटायचा खरा धोका उन्हापेक्षा इथेच जास्त. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग कमी करा, मग सोडून द्या. वळणात ब्रेक नको. बांबूची वाळकी पानं आणि बारीक खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला साठते. माकडं रस्त्यावरून हटतील असं गृहीत धरू नका, एक गेलं की मागून पिलू येतं. हिवाळ्यात अंगातला घाम या वाऱ्यात गार पडतो, विंडचीटर नसेल तर छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्र घाला.

घटांगला सेमाडोहचा फाटा आहे. डावीकडे-उजवीकडे न पाहता आधी घड्याळ पाहा. सेमाडोह खाली सिपना नदीच्या काठाला, रस्ता व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो आणि जितकं उतराल तितकं परत चढायचं असतं. मोबाईलला रेंज सगळीकडे नसते. अस्वल आणि गवा संध्याकाळी रस्त्यावर येतात, शिवाय आतल्या कच्च्या वाटांवर वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. सकाळी अकराच्या आत घटांगला असाल, दोन ट्यूब आणि दीड लिटर पाणी शिल्लक असेल, तरच सेमाडोहकडे वळा. नाहीतर बिहालीवरून सरळ परतवाडा.