आमची वाटचाल: रिक्षाच्या हुडापासून बोटीच्या छपरापर्यंत

पुण्यात बसून शिडाच्या बोटींची कव्हरं शिवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, पुण्यात समुद्र कुठून आणला? खडकवासल्याला एनडीएची पोरं शिडाच्या बोटी शिकतात ते सगळ्यांना माहितीय, पण त्या छोट्या बोटी, त्यांना कॉकपिटवर, म्हणजे बसून सुकाणू धरायच्या उघड्या जागेवर, छप्पर वगैरे भानगड नसते, उभी असताना झाकायला एक कव्हर दिलं की काम संपलं. आमचं गिऱ्हाईक वेगळं. बोट मुंबईला गेटवेसमोर नाहीतर गोव्याला आणि मालक वानवडी, कोथरूड, बाणेरला. पुण्यात रिटायर्ड नेव्हीवाले किती राहतात हे हा धंदा सुरू होईपर्यंत आम्हालाही माहीत नव्हतं.

मूळ दुकान बाबांचं, नाना पेठेत. रिक्षाची हुडं, जीपची हुडं, टेम्पोची ताडपत्री, सीटकव्हरं. मे महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नाही कारण पावसाच्या आधी प्रत्येक रिक्षावाल्याला हूड बदलून पाहिजे, आणि जुलैनंतर शिवणारे मास्तर लोक चहा पीत बसलेले. पुढं मी धंद्यात आलो तेव्हा जीप कमी झाल्या होत्या, पण 2010 ला थार आली, कापडी हुडाची, आणि दोन वर्षांत लोक विचारायला लागले की कापड नको, हार्ड टॉप मिळेल का. माझ्या मेव्हण्याची भोसरीला एफआरपीची, म्हणजे फायबरग्लासची शेड, तो टाक्या आणि कूलरची बॉडी बनवायचा. त्याच्याकडून थारचे हार्ड टॉप बनवून घ्यायला लागलो. कापड आमचं, फायबर त्याचं, आणि कुठलं चांगलं यावरून दिवाळीच्या जेवणात भांडण दोघांचं. 2020 ला नवीन थार कंपनीकडूनच हार्ड टॉप घेऊन आली आणि त्याचं हे काम जवळपास बसलं, पण तोवर बोटींचं सुरू झालेलं होतं.

ते सुरू झालं एका सरांमुळं. पोत्यात घडी करून त्यांनी त्यांच्या बोटीचा डॉजर आणला होता, म्हणजे कॉकपिटच्या पुढच्या बाजूला वारा आणि लाटांचं पाणी अडवायला जे कापडी हूड असतं ते, काचेच्या जागी पारदर्शक प्लास्टिक. दुसरीकडं त्यांना सगळंच नवीन करायला सांगितलं होतं. आमच्या मास्तरांनी शिलाईत नख घालून ओढलं तर दोरा सरसर निघून हातात आला, जिथं ऊन लागत होतं तिथं तर धूळच झालेली, आणि कापड मात्र ठणठणीत. ते सनब्रेलाचं ॲक्रिलिक होतं, ज्यात रंग धाग्यातच असतो, वरून दिलेला नसतो, म्हणून उन्हात वर्षानुवर्षं टिकतं. आम्ही फक्त परत शिवून दिलं, प्लास्टिक बदललं, आणि सरांनी त्यांच्या ओळखीत सगळीकडं सांगितलं. आजही आमचं निम्म्याच्या वर काम रिपेरिंगचंच आहे आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

दोऱ्याचं एवढ्यासाठी सांगतोय की लोक कापडाचा भाव विचारतात, दोरा कुणी विचारत नाही. चांगलं ॲक्रिलिक आठ-दहा वर्षं जातं, यूव्हीवाला पॉलिस्टर दोरा आपल्याकडच्या उन्हात चार-पाच वर्षांत जातो. टेनारा म्हणून पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचा दोरा येतो, त्याला ऊन काहीच करत नाही, कापड फाटेल पण दोरा तसाच राहील, पण महाग आहे आणि इतका गुळगुळीत की मशीनचं टेन्शन नव्यानं बसवावं लागतं, मास्तरांनी पहिल्या आठवड्यात मशीनला आणि मला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. मी गिऱ्हाइकाला सांगतो की वरच्या छपराला टेनारा घ्या, बाजूच्या पडद्यांना साधा चालेल. चेन वायकेकेची मोठ्या प्लास्टिक दातांची, दहा नंबर, मेटलची चेन समुद्रावर एका सीझनला जाम होते. टिचबटणं आणि सांगाड्याचे पाइप 316 नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे, 304 दिसायला सारखंच असतं पण मिठाच्या हवेत त्यावर तांबूस डाग यायला लागतात.

आता मुख्य विषय, कारण फोन त्यासाठीच येतात. डॉजर पुढं, बिमिनी म्हणजे डोक्यावरचं छत, आणि दोन्हींच्या मध्ये आणि बाजूनं पारदर्शक पडदे लावून सगळं कॉकपिट बंद केलं की झालं पूर्ण एन्क्लोजर. हे कापडाचं करायचं का फायबरचं? बाहेरचे व्हिडिओ बघून लोक येतात, त्यात थंड देशातले लोक काचेच्या खोलीत बसून कॉफी पीत बोट चालवताना दिसतात, आणि आपल्यालाही तसंच पाहिजे असतं. आमच्या घरात दोन्ही विकतात त्यामुळं आम्हाला एक गळ्यात मारायची गरज नाही, एवढा फायदा गिऱ्हाइकाला होतो.

मेव्हण्याची बाजू आधी सांगतो, नाहीतर तो हे वाचून फोन करेल. हार्ड टॉप फडफडत नाही, त्यावर पाणी साचत नाही, पुढं डेकवर जाताना हात धरायला पक्का कठडा मिळतो, आणि हलत्या बोटीवर ही लहान गोष्ट नाहीये, वयस्कर माणसाला तर अजिबातच नाही. वर सोलर पॅनल बसवता येतं. दर काही वर्षांनी शिवत बसायला नको. पुढच्या खिडक्या पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिक शीटच्या केल्या तर दिसतंही कापडी हुडाच्या प्लास्टिकपेक्षा स्वच्छ. त्याचं काम मी जवळून बघतो, आत फोमची शीट, दोन्ही बाजूनं फायबर, त्यामुळं वजन आटोक्यात राहतं, आणि पॉलिकार्बोनेटला स्क्रूपेक्षा मोठं भोक पाडतो कारण मीटरभर शीट तीस डिग्रीच्या फरकानं दोन मिलिमीटर वाढते, भोक घट्ट ठेवलं तर तिथूनच तडा जातो. ॲसिटोन किंवा पेट्रोलनं ती खिडकी पुसायची नाही हे तो बिलावरच लिहून देतो. भाव कापडाच्या तिप्पट-चौपट जातो, तो त्याचा दोष नाही, मोल्ड एकाच बोटीसाठी करायचा तर तेवढं होणारच.

आता माझी बाजू. शिडाच्या बोटीवर छपराच्या वरून बूम फिरतो, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, त्यामुळं छप्पर किती उंच करायचं हे मालकाच्या उंचीवर नाही, बूमवर ठरतं. सहा फुटी मालकाला कॉकपिटमध्ये ताठ उभं राहायचं असतं आणि बूम म्हणतो पावणेसहा. कापडाचं असेल तर शिडं चढवायच्या आधी बिमिनी मागं पाडता येते, हार्ड असेल तर ती जागा कायमची गेली. तसंच विंचचं, म्हणजे शिडाचे दोर ओढायच्या गरारीचं. विंचचा हँडल दहा इंचाचा असतो, तो पूर्ण गोल फिरला पाहिजे, पडदा असेल तर गुंडाळू, फायबरची भिंत असेल तर प्रत्येक वेळी बोटांची सालपटं निघणार. आणि वजन, ते डेकच्या वर डोक्याइतक्या उंचीला जातं, बोट कलते तेव्हा तिथला प्रत्येक किलो लागतो.

पण खरा मुद्दा वाऱ्याचा आहे. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो, पंधरा नॉटला जे छप्पर आरामात उभं असतं त्याच्यावर तीस नॉटला चारपट जोर. आपल्या किनाऱ्यावर 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ आलं, पुढच्याच वर्षी 17 मेला तौक्ते मुंबईजवळून गेलं, दोन्ही अशा दिवसांत जेव्हा सीझन संपत आलेला असतो पण सगळ्या बोटी पाण्याबाहेर निघालेल्या नसतात. अशा वेळी कापडी एन्क्लोजर अर्ध्या तासात चेनी उघडून, पाइप पाडून खाली केबिनमध्ये टाकता येतं. फायबरची खोली काढून कुठं ठेवणार? मुंबईत बऱ्याचशा बोटी मुरिंगला, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या दोराला, उघड्या पाण्यात उभ्या असतात, चारी बाजूनं बांधलेल्या नसतात. ज्याची बोट मरीनात, म्हणजे धक्क्याला बांधून ठेवायच्या आडोशाच्या जागेत असते, कोचीला बोलगाटीला आहे तशी, त्यानं हार्डचा विचार जरूर करावा. मुंबईच्या मुरिंगवाल्याला पूर्ण हार्ड एन्क्लोजर मी करून देत नाही. मेव्हणाही देत नाही, त्यानं ते मान्य करायला वेळ घेतला एवढंच.

आणि उकाडा. हा भाग बाहेरच्या व्हिडिओत येतच नाही. ऑक्टोबरच्या दुपारी चारी बाजूनं पारदर्शक पडदे लावून बसून बघा, दहा मिनिटांत बाहेर याल. आपल्याला वर्षातले बरेचसे दिवस सावली पाहिजे आणि वारा पाहिजे, बंद खोली फारच थोडे दिवस. म्हणून पुढची मधली खिडकी चेननं उघडून वर गुंडाळता आलीच पाहिजे, ही आमची अट आहे, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी करतो. बाजूला पारदर्शक पडद्यांच्या जोडीला जाळीचा सेट शिवून घ्या म्हणतो, ऊन अडतं आणि हवा खेळते.

अजून एक, हे गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगतो. पुढून आणि बाजूनं सगळं बंद आणि मागची बाजू उघडी ठेवून इंजिन चालवलं तर बोट पुढं जाताना मागं हवेची ओढ तयार होते आणि एक्झॉस्टचा धूर आत खेचला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोप येतेय, डोकं जड झालंय म्हणून माणूस तिथंच आडवा होतो. इंजिन चालू असेल तेव्हा पुढची खिडकी उघडी, म्हणजे हवा पुढून मागं वाहती राहते, आणि आत मोनॉक्साइडचा अलार्म लावा, कापड असो वा फायबर.

सगळं धरून आम्ही आता बहुतेकांना मधला रस्ता सांगतो, पुढचा डॉजर हार्ड, बुटका, त्याला पाइपचा कठडा, आणि त्याच्या मागं बिमिनी आणि पडदे कापडी. लाटेचं पाणी पुढून येतं तिथं पक्कं, आणि जे वाऱ्यात उतरवायचं ते उतरवता येणारं. बजेट कमी असेल तर सगळं कापडी घ्या पण पाइप एक इंची घ्या, बारीक पाइपात पैसे वाचवू नका. आणि पूर्ण एन्क्लोजर लगेच घेऊच नका. आधी डॉजर आणि बिमिनी घ्या, एक सीझन काढा, मग पडदे. निम्मे लोक परत पडद्यांसाठी येत नाहीत, आमचं नुकसान आहे पण खरंय.

माप घेणं हे या धंद्यातलं सगळ्यात वैतागाचं काम. रिक्षा दुकानासमोर येऊन उभी राहते, बोट येत नाही. पहाटे पुण्यातून निघायचं, छोट्या होडीतून बोटीवर जायचं, आणि हलत्या बोटीवर ताणल्यावर न वाढणारं प्लास्टिक पाइपांवर चिकटवून फर्मा काढायचा, बटणं कुठं येणार, चेन कुठून सुटणार, सुकाणूवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या रेषेत आडवी पट्टी तर येत नाही ना, सगळं तिथंच मार्क करायचं. मास्तरांना पहिल्या वेळी बोट लागली, आता ते आल्याच्या वड्या खिशात ठेवतात. पारदर्शक प्लास्टिकची एक खोड आहे, ते थंडीत आकसतं आणि उन्हात सैल पडतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी कापलं तर मुंबईत दुपारी पडद्यावर लाटा दिसणार, म्हणून थंडीत अकराच्या आधी आमच्याकडं प्लास्टिकला कात्री लागत नाही. तापलेला पाइप प्लास्टिकला टेकला की तिथं तपकिरी पट्टा जळतो, त्यासाठी पाइपाच्या जागी आतून पांढऱ्या कापडाची पट्टी देतो. सनस्क्रीनचे हात लावू नका असंही सांगतो, ते कुणी ऐकत नाही.

धंद्याच्या दृष्टीनं बघितलं तर बोटींनी आमचे पावसाळ्यानंतरचे महिने भरले. मे-जूनला रिक्षा, ऑगस्टपासून बोटी, कारण मांडव्याच्या फेरी सुरू व्हायच्या सुमाराला बोटमालकही जागे होतात आणि सगळ्यांना ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी बोट तयार पाहिजे असते. तयार डॉजर शिवनेरीच्या डिकीतून मुंबईला जातो. मेव्हण्याचा हार्ड टॉप टेम्पोत उभा बांधून बोरघाट उतरवावा लागतो आणि तो स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून दर वळणाला मागं बघतो.

नाना पेठेतली जागा पुरेना म्हणून शिवणकामाचं मोठं टेबल आता भोसरीला त्याच्याच शेडमध्ये टाकलंय, फायबरची धूळ येऊ नये म्हणून मध्ये पडदा लावलाय, तो अर्थातच कापडी. फोटोवरून कोटेशन मागणाऱ्यांना एवढंच सांगणं, बोटीचा फोटो पाठवा पण बूम खाली असताना बाजूनं काढलेला, विंच हँडलसकट, आणि पावसाळ्यात बोट कुठं ठेवता ते आधी लिहा, भाव त्यानंतर.