मन्याच्या हृदयाची तपासणी : माझा अनुभव

मन्या आणि त्याचा भाऊ एकाच वेतातले, मेन कून जातीचे बोके. मन्या माझ्याकडे पुण्यात, भाऊ मावसबहिणीकडे ठाण्याला. एके सकाळी तो भाऊ नेहमीसारखा जेवला, खिडकीत जाऊन बसला आणि तासाभरात मागचे दोन्ही पाय फरफटत किंचाळायला लागला. पाय गार पडले होते. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी, महाधमनीचे मागच्या पायांकडे फाटे फुटतात तिथे जाऊन अडकली होती. चार वर्षांचा होता तो. त्याला हृदयाचा आजार आहे हे घरात कुणालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी मन्याला डॉक्टरांकडे नेलं. स्टेथोस्कोपने ठोके स्वच्छ ऐकू आले. तरी ते म्हणाले, "ताई, मांजराच्या बाबतीत एवढ्यावर निर्धास्त राहू नका." हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे एचसीएम, हा मांजरांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा हृदयरोग. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होत जाते आणि मांजर बाहेरून ठणठणीत दिसत राहतं. मेन कूनमधला याचा जनुकदोष २००५ साली सापडला, त्यामुळे त्याची चाचणी करता येते.

नमुना घरीच घ्यायचा होता. खाण्याचे कण येऊ नयेत म्हणून आधी त्याला उपाशी ठेवलं. मग गालाच्या आतून बारीक ब्रश फिरवायचा. पहिला ब्रश मन्याने चावून टाकला. दुसऱ्या वेळी नवऱ्याने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून धरलं तेव्हा जमलं. ब्रश वाळवून कागदी पाकिटात घातला आणि परदेशातल्या लॅबला पाठवला.

अहवाल आला : जनुकाची एक प्रत सदोष, एक चांगली. मी रडले. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की हा धोक्याचा अहवाल आहे, आजाराचा नाही. एक सदोष प्रत असलेल्या कितीतरी मांजरांना आजार होतही नाही. दोन्ही सदोष असतील तर धोका बराच वाढतो. आणि उलटही खरं. हा दोष नसलेल्या मेन कूनला एचसीएम होऊ शकतो, आपल्या गावठी मांजरांनाही होतो. म्हणजे हृदय आज कसं आहे ते इकोच (हृदयाची सोनोग्राफी) सांगणार. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. 'अहवाल नॉर्मल' एवढं वाचून इको टाळणारे लोक मी नंतर पाहिले.

इकोच्या दिवशी घाबरू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध घरूनच देऊन निघालो. अंधाऱ्या खोलीत मन्याला उजव्या कुशीवर निजवलं, टेबलाला असलेल्या खाचेतून खालून प्रोब लावला. मी त्याचं डोकं धरून बसले होते. भिंत ४.७ मिलिमीटर. ६ किंवा त्याहून जास्त भरली तर एचसीएम धरतात, ५ ते ६ असेल तर संशय. गुठळ्या बहुधा जिथे होतात तो डावा वरचा कप्पाही नेहमीच्या आकाराचा होता. भिंत जाड निघाली असती तर रक्तदाब आणि थायरॉइड तपासायला लागलं असतं, कारण त्यांनीही ती जाड होते.

आता दरवर्षी इको. शिवाय तो गाढ झोपला की मी मिनिटाचे श्वास मोजते. ३० च्या वर जायला लागले तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचे.

याच सुमारास एकांनी त्यांच्या मादीसाठी मन्याला मागितलं होतं. मी नाही म्हटलं आणि त्याची नसबंदी करून घेतली. मादी निर्दोष असली तरी प्रत्येक पिलाला तो दोष जाण्याची शक्यता निम्मी. ज्यांच्याकडून मन्याला आणलं त्यांनी आई-बापांची कसलीच चाचणी केली नव्हती. फोनवर "आमच्याकडे असं काही नसतं" म्हणाले. याचा राग मला अजून आहे.

त्या वेतातली आणखी तीन पिलं कुठे आहेत ते मी शोधून काढलं. दोघांनी इको करून घेतला. तिसरे फोन उचलत नाहीत. रविवारी पुन्हा करणार आहे.