रॉकेटला फलाट नसतो

गेल्या पावसाळ्यात तापाने चार दिवस अंथरूण धरलं होतं. भाच्याने लॅपटॉप आणून उशाशी ठेवला. "मामा, हे बघ, तुझ्या काळातलं आहे." काळातलं कसलं! 'गॅलॅक्सी एक्स्प्रेस ९९९' हा जपानी ॲनिमे सिनेमा १९७९चा, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. कार्टून बघायचं माझं वय राहिलं नाही, असं पुटपुटत लावला आणि थोड्या वेळाने उठून बसलो. उंचच उंच मनोऱ्यांच्या भविष्यातल्या शहरातून अंतराळात निघालेली गाडी चक्क कोळशाच्या इंजिनाची होती. रूळ आभाळाकडे वळून मध्येच संपतात आणि आपली अगीनगाडी शिट्टी मारत, धूर सोडत तशीच पुढे जाते.

बुलेट ट्रेन जपानात १९६४पासून धावत होती. भविष्यकाळ दाखवायला ती आयतीच होती की! पण मूळ चित्रकथा काढणाऱ्या लेजी मात्सुमोतोंनी निवडलं सी-६२ जातीचं इंजिन. १९४८-४९ सालातलं, एकूण ४९ बांधलेली, प्रवासी गाड्या ओढणारं तिथलं सगळ्यात थोराड धूड. जपानच्या सरकारी रेल्वेने वाफेवरची शेवटची नियमित प्रवासी गाडी डिसेंबर १९७५मध्ये चालवली, आणि १९७७मध्ये मात्सुमोतोंची चित्रकथा सुरू झाली. निवृत्त माणसाला एकदम अंतराळात बढती! आतून म्हणे ही गाडी अत्याधुनिक, पण डब्यात समोरासमोरची बाकं, खिडकी आणि तिकीट बघायला येणारा गणवेशातला कंडक्टर. त्याच्या टोपीखाली चेहराच नाही, नुसते दोन पिवळे डोळे. तरी वागायला अगदी अदबशीर.

मात्सुमोतोंच्या यानांत जिथे बघावं तिथे काट्यांच्या गोल तबकड्या. चाहत्यांनी त्यांना 'लेजी मीटर' असं नावच देऊन टाकलंय. आमच्या जुन्या जीपमध्ये तीन होत्या, चालायची एक. पण त्या एका काट्याची थरथर बघून गाडीचा मूड कळायचा. हल्लीच्या आकड्यांवरून नुसता वेग कळतो.

गोष्ट तेत्सुरो नावाच्या पोराची. यांत्रिक शरीर विकत घेऊ शकणारे श्रीमंत लोक माणसांची शिकार करतात. त्याची आई तशीच मारली जाते. यंत्राचं शरीर फुकट मिळतं म्हणतात त्या ग्रहाकडे तो निघतो, सोबत काळ्या पोशाखातली मेतेल. गाडीचे थांबे मजेशीर. ज्या ग्रहावर थांबायचं, तिथला एक दिवस भरेपर्यंत मुक्काम. वेळापत्रक ग्रहाच्या गिरकीवर! प्लूटोवर बर्फाखाली, यंत्र झालेल्यांनी टाकून दिलेली मूळ शरीरं ओळीने निजवलेली आहेत.

मला मात्र विसरता येत नाही ती जेवणाच्या डब्यातली क्लेअर. ती आरपार काचेची आहे. आईच्या हौसेपायी तिला हे शरीर मिळालं; आता ताटं उचलून ती पैसे साठवते आहे, आपलं हाडामांसाचं शरीर परत विकत घ्यायला. मौल्यवान काचेची पोरगी बशा वेचते आणि तिचा हिशेब गाडीतल्या कुणालाच चमत्कारिक वाटत नाही. पुढे तेत्सुरोला वाचवताना ती फुटते. मागे उरतो अश्रूच्या आकाराचा एक काचेचा तुकडा. हे मी अंगात ताप असताना पाहिलं, त्यामुळे डोळे का भरून आले याबद्दल भाच्याशी वाद घालायची गरज पडली नाही.

आगगाडीच का, हे मला शेवटाकडे उमगलं. सिनेमा संपताना गाडी मेतेलला घेऊन निघते आणि तेत्सुरो फलाटावरून तिच्याबरोबर धावत सुटतो. हे रॉकेटच्या बाबतीत कसं करणार? रॉकेटला फलाट नसतो. रॉकेट सुटताना माणसांना चार मैल लांब उभं करतात. गाडी कशी, सुटताना आधी नुसती हलते. हातातला हात सोडायला तेवढा वेळ मिळतो.

आई औषध घेऊन आली ती तिथेच उभी राहिली. भाषा समजायचा प्रश्नच नव्हता. लहानपणी खिडकीत बसल्यावर डोळ्यात कोळशाचा कण गेला, की तिची आई पदराची सुरळी करून, तोंडाची वाफ देऊन शेकायची, हे तिने आजवर अनेकदा सांगितलंय. या वेळी काही बोलली नाही. गाडी पार ठिपका झाल्यावर म्हणाली, "खिडकीत कशी बसली आहे बघ बाई, डोळ्यात जाईल ना."

मग मला गोळी दिली आणि भाच्याला म्हणाली, "मागे घे जरा, सुटते तिथून."