झीज कुठे असायला हवी

मी रहस्यकथांवर लिहिते, बोलते, त्यामुळे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. छोटं गाव, तिथलं जुन्या वस्तूंचं दुकान, दुकानाच्या मालकाचा खून, आणि खुनी शोधून काढणार कोण, तर शेजारची दुकानदारीण आणि तिची मैत्रीण. पोलीस आहेत, प्रयोगशाळा आहेत, आणि तरी कपाटं आणि घड्याळं विकणाऱ्या बायकांनाच खुनी सापडतो, हे तुम्हाला खरंच पटतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पटतं. इतर कुठल्याही धंद्यातल्या हौशी शोधकापेक्षा या धंद्यातल्या शोधकावर माझा जास्त विश्वास बसतो. आणि हा विश्वास मला पुस्तकं वाचून आलेला नाही, हातानं काम करताना आला.

काही वर्षं मी जुन्या फर्निचरच्या डागडुजीचं काम शिकत होते. ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला एक गोल टेबल मोजायला लावलं. एकदा लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, एकदा त्यांना आडवं. दोन मापांत अर्ध्या बोटाचा फरक आला. माझं मोजणं चुकलं असं वाटून मी पुन्हा मोजायला लागले, तर ते म्हणाले, "राहू दे, बरोबर आहे. फरक आला नसता तर काळजी होती." लाकूड वर्षानुवर्षं आकसतं ते रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. दीडशे वर्षांपूर्वी गोल कापलेली फळी आज किंचित लांबट झालेली असणार. अगदी अचूक वर्तुळ भरलं, तर टेबलाच्या सांगितलेल्या वयाबद्दल शंका घ्यायची.

त्या दिवसापासून बघायची सवयच बदलली. वस्तू सुंदर आहे का हा प्रश्न मागे पडला. ती जी गोष्ट सांगते आहे तिच्याशी तिचं अंग जुळतं का, हे आधी बघायचं. खणाच्या तळाच्या फळीवर करवतीच्या वळणदार, कमानीसारख्या रेघा दिसल्या, तर ती गोल पात्याच्या करवतीनं कापलेली आहे, आणि फर्निचरच्या कामात ती करवत रुळली १८३० च्या आसपास. त्याआधीच्या म्हणून दाखवलेल्या कपाटात ती फळी कुठून आली? जुन्या स्क्रूची खाच हातानं कापलेली असते, बरेचदा मध्यापासून सरकलेली. चार कोनी फुलीचा स्क्रू १९३० च्या दशकातला. खुर्चीच्या पायांमधली आडवी दांडी पुढून झिजलेली असावी, कारण बसणारा तिथे टाच टेकवतो. ती सगळीकडून सारखीच झिजलेली असेल, तर कुणीतरी बसून घासली आहे. माझ्या गुरूंचा एक प्रश्न ठरलेला असे: "झीज कुठे असायला हवी होती?" दिसते कुठे, हे त्यानंतर.

चांदीचं तर आणखी मजेदार आहे. इंग्लंडमध्ये १७२० पासून चांदीच्या भांड्यांवर वजनाप्रमाणे कर होता. तो चुकवायला काही कारागीर एखाद्या लहानशा वस्तूवर सरकारी छाप मारून घेत, तेवढा तुकडा कापून काढत आणि मोठ्या भांड्यात झाळून बसवत. छाप अस्सल, चांदी अस्सल, पण दोघांची सांगड खोटी. ती ओळखायची कशी? भांड्यावर तोंडाची वाफ सोडायची. क्षणभर बाष्प धरतं आणि छापाभोवती झाळलेल्या जोडाची बारीक रेघ उमटून जाते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. प्रत्येक भाग खरा असलेलं खोटं मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि रहस्यकथेतला चांगला खुनी नेमकं असंच खोटं बोलतो. तो त्या संध्याकाळी खरंच लिलावाला गेलेला असतो, पावतीही खरी असते. जोड तेवढा दिसू देत नाही.

अशा कथेचा एक प्रसंग माझ्या डोक्यात कायम असतो. दुकानदार शिडीखाली मरून पडलेला, दुकानात काहीच उसकटलेलं नाही, सगळं जागच्या जागी. पोलिसांना तो अपघात वाटतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण मैत्रीण सवयीनं सहा खणांच्या जुन्या कपाटाचा एक खण ओढते आणि तो अडतो. हातानं बनवलेल्या कपाटात प्रत्येक खण आपापल्या जागेसाठी घासून बसवलेला असतो, एकाच्या जागी दुसरा सुखानं सरकत नाही. आता दुसरा खण चौथ्याच्या जागी आहे. दुकानदारानं हे कधीच केलं नसतं. कुणीतरी सगळे खण बाहेर काढून त्यांच्या मागची पोकळी चाचपली आहे आणि घाईत परत लावले आहेत. बंद कपाट सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, पण खण अडला याचा अर्थ फक्त तिला कळतो.

वस्तूइतकीच तिची कहाणीही तपासावी लागते. या धंद्यात तिला प्रॉव्हेनन्स म्हणतात, म्हणजे वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याची साखळी. इंग्लंडमधल्या बोल्टनच्या संग्रहालयानं २००३ मध्ये एका इजिप्शियन राजकन्येची मूर्ती सुमारे ४ लाख ४० हजार पौंडांना घेतली. ती शॉन ग्रीनहाल्श नावाच्या माणसानं त्याच गावात घरामागच्या शेडमध्ये घडवली होती. मूर्ती खपली ती कागदामुळे. १८९२ सालच्या एका लिलावाची खरीखुरी यादी त्या कुटुंबानं मिळवली होती, आणि त्या यादीत इजिप्शियन मूर्तींचा मोघम उल्लेख होता. मोघम उल्लेखाच्या जागेत त्यांनी आपली मूर्ती बसवली. विकायला पुढे जात ते वयस्कर वडील, घरातला वारसा विकावा लागतोय अशा चेहऱ्यानं. पुढे त्यांनी असिरिया या प्राचीन राज्यातली म्हणून कोरीव शिल्पं विकायला काढली, त्यांवरच्या कीलाकार लिपीत चुका निघाल्या आणि सगळं उलगडलं. २००७ मध्ये शॉनला ४ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. पुन्हा तोच जोड: खरा कागद, खोटी वस्तू.

"पण खून? एका जुन्या कागदासाठी कुणी जीव घेतं का?" हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. घेतं. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १५ ऑक्टोबर १९८५ या एकाच दिवशी दोन बॉम्बनी दोन माणसं मारली. ते बॉम्ब मार्क हॉफमननं बनवले होते. जुन्या कागदपत्रांचा नावाजलेला व्यापारी म्हणून लोक त्याला ओळखत, पण त्याचे कितीतरी कागद त्यानं स्वतःच तयार केलेले होते. मोठमोठ्या तज्ज्ञांनी ते अस्सल मानले होते. हातात नसलेला एक संग्रह देण्याचं कबूल करून त्यानं पैसे उचलले, तो देण्याची वेळ जवळ येत गेली, आणि उघडं पडण्यापेक्षा त्याला माणसं मारणं सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिसरा बॉम्ब त्याच्याच गाडीत फुटला आणि तो जखमी झाला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कागदांवरच्या शाईला सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा दिसल्या. शाई जुनी दिसावी म्हणून केलेल्या रासायनिक उपचारांनी त्या पडल्या होत्या. भेगांचे कागद कुठून आले हे शोधत गेलं की माग त्याच्यापर्यंतच जात होता. १९८७ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली.

या प्रकरणाबद्दल वाचताना बनावटीतल्या हुशारीचं कौतुक माझ्या मनातून कायमचं गेलं. खोट्या वस्तूला जपण्यासाठी आणखी एक खोटं लागतं, मग आणखी एक, आणि कधीतरी त्या रांगेत एखाद्या माणसाचा जीव येतो. अशा कथांमधला खून मला उगाच घुसडलेला वाटत नाही तो यामुळे.

छोट्या गावात हे जास्त घट्ट होतं. व्यापारी मोजके, लिलावाच्या दिवशी सगळे एकाच खोलीत. आपापसात ठरवून एकानंच बोली लावायची, वस्तू स्वस्तात पाडायची, आणि नंतर मागच्या खोलीत पुन्हा आपसात लिलाव करून वरचा फायदा वाटून घ्यायचा, या प्रकाराला रिंग म्हणतात. ब्रिटननं १९२७ मध्ये कायदा करून तो गुन्हा ठरवला. नुकसान कुणाचं होतं? बहुतेकदा आईवडिलांचं घर रिकामं करायला आलेल्या माणसाचं. आणि रिंगमधल्या कुणाला आपल्या वाट्यात फसवलं, तर तो तक्रार करणार कुठे? सगळे एकमेकांचा गुन्हा जाणून, सगळे रोज एकमेकांना नमस्कार करणारे. खुनाचं कारण शोधायला लेखकाला फार लांब जावं लागत नाही.

एका ठिकाणी मात्र मी पुस्तक मिटून ठेवते. शोधक नायिका रक्ताचा डाग असलेला मेणबत्तीचा स्टँड उचलते, पुसते, पिशवीत घालते आणि खुन्याला एकटीच भेटायला जाते. या धंद्यातलं माणूस हे करणार नाही. शंभर वर्षांचा थर पाच मिनिटांच्या उत्साही पॉलिशनं जातो आणि परत येत नाही, हे त्याच्या हातांना माहीत असतं. पुराव्याचीही साखळी असते, कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला त्याची, आणि ती तुटली की न्यायालयात तो पुरावा लंगडा पडतो. प्रॉव्हेनन्सचं मोल जाणणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागू नये. तिनं खण अडतो हे ओळखावं, हात मागे घ्यावा आणि पोलिसांना बोलवावं. एवढं पुरेसं आहे, आणि एवढं करणारी नायिका मला फार आवडते.

आणखी एक कारण आहे, ते मी सहसा सांगत नाही. हा धंदा सुरूच होतो कुणाच्या तरी मरणानंतर. दुकानातली जवळजवळ प्रत्येक वस्तू एखाद्या संपलेल्या घरातून आलेली असते. गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या वस्तूंकडून ऐकून घ्यायची सवय असलेलं माणूस मेलेल्याला नुसतं कोड्याचा तुकडा समजत नाही.

एकदा मी माझ्या गुरूंबरोबर एका वृद्ध बाईंचं घर रिकामं करायला गेले होते. काही हलवण्याआधी त्यांनी मला अर्धा तास नुसतं बघायला सांगितलं. भाचा दारात उभा होता. तो म्हणाला, "मावशीला एकटं राहायची सवय होती, ती कधी कुणाची वाट बघायची नाही." खिडकीजवळ एक हातांची खुर्ची होती. तिचा उजवा हात जवळजवळ नव्यासारखा होता. डावा, रस्त्याकडचा हात कोपराच्या जागी खोलगट झाला होता, आणि त्यावरचं पॉलिश लाकडापर्यंत गेलं होतं. माझ्या गुरूंनी तिथे अंगठा टेकवला, माझ्याकडे पाहिलं, आणि भाच्याला एवढंच म्हणाले, "ही खुर्ची तुम्ही ठेवा."