तुम्ही विचारलंत म्हणून: 'आणि' कुठे, 'किंवा' कुठे?

पहिल्या महिन्यात प्रोग्रामिंगच्या वर्गात हमखास येणारा प्रश्न तुम्हीही विचारलात: "मॅडम, ट्रू (खरं) आणि फॉल्स (खोटं), दोनच तर किमती. मग आमच्या अटी चुकतात कशा?"

माझ्या अनुभवात त्या आपल्या बोलण्यामुळे चुकतात. 'शनिवार आणि रविवार वाचनालय बंद' ही पाटी सगळ्यांना कळते. तीच पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'वार == शनिवार अँड वार == रविवार' अशी उतरवली (== म्हणजे 'हाच आहे का?', अँड म्हणजे 'आणि'), तर अट कधीच खरी होत नाही. पाटीवरचा 'आणि' दोन दिवस जोडून सांगतो. प्रोग्रामचा अँड मात्र आजच्या एकाच दिवसाला विचारतो, तू शनिवार आहेस का, आणि रविवारही आहेस का? इथे ऑर, म्हणजे 'किंवा' हवा.

नकार आला की गुंता वाढतो. एका वाचनालयासाठी मी पुस्तक परत करायची आठवण पाठवणारा प्रोग्राम लिहिला होता. सुट्टीच्या दिवशी मेसेज जाऊ नयेत म्हणून अट घातली, ती ट्रू असेल तरच मेसेज जाणार: 'वार != शनिवार ऑर वार != रविवार' (!= म्हणजे 'हा नाही ना?'). शनिवारी मेसेज गेले, रविवारीही गेले. रात्री कागद घेऊन बसले. वार शनिवार धरला. पहिला भाग, शनिवार सोडून दुसरा वार आहे का? फॉल्स. दुसरा भाग, रविवार सोडून दुसरा आहे का? ट्रू. ऑरला एक ट्रू पुरतं, म्हणजे अख्खी अट ट्रू. रविवारी हेच उलट्या बाजूनं. सोमवार ते शुक्रवार तर दोन्ही भाग ट्रू. सातही दिवस दार उघडंच!

नॉट, म्हणजे 'नाही', कंसाच्या आत शिरला की ऑरचा अँड होतो, अँडचा ऑर होतो. हा नियम ज्यांच्या नावानं ओळखतात ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले. तर्काला बीजगणिताची चिन्हं देणारे जॉर्ज बूल त्यांचेच स्नेही, आणि 'बूलियन' हा शब्द बूल यांच्याच नावावरून आला. वर्गात हे सांगताना मला दर वेळी आनंद होतो.

मराठीकडे इथे एक सुंदर सोय आहे. 'चहा घेणार की कॉफी?' यात एकच निवडायचं असतं. 'आधार किंवा पॅन चालेल' म्हटल्यावर दोन्ही नेले तरी कोणी परत पाठवत नाही. प्रोग्रामचा ऑर म्हणजे हा 'किंवा'. 'की'ला तिथे एक्सॉर म्हणतात. पायथनमध्ये दोन बूलियन, म्हणजे ट्रू-फॉल्स, किमतींमध्ये != टाकलं तरी तेच काम होतं.

कंस मात्र मी आग्रहानं घालायला लावते. पायथन आधी नॉट बघतो, मग अँड, शेवटी ऑर. 'विद्यार्थी ऑर ज्येष्ठ अँड ओळखपत्र' लिहिलं, तर अँड ज्येष्ठला चिकटतो आणि ओळखपत्र न आणलेल्या विद्यार्थ्यालाही सवलत मिळते.

त्या वाचनालयाच्या प्रोग्राममध्ये आता 'नॉट (वार == शनिवार ऑर वार == रविवार)' अशी ओळ आहे. दोन्हीकडे != ठेवून मध्ये अँड घातला असता तरी चाललं असतं. पण कंसातला मजकूर म्हणजे दारावरची पाटीच आहे, आणि माझ्यानंतर तो प्रोग्राम उघडणाऱ्याला ती एका नजरेत वाचता येते.